आपला आहे? मग दोन गुण कमी!

स्टुटगार्टच्या आमच्या तराजूकाकू वाढदिवसाचा केक वजन करून वाढायच्या. तुम्हाला वाटेल मी गंमत करतोय. मुळीच नाही. मेणबत्त्या विझल्या, टाळ्या झाल्या, की काकू स्वयंपाकघरातून पीठ मोजायचा काटा घेऊन यायच्या, टेबलाच्या मधोमध ठेवायच्या आणि एकेक तुकडा त्यावर चढवायच्या. एखादा जड भरला तर सुरीच्या टोकाने त्याचा कोपरा उडवायच्या, हलका भरला तर तोच कोपरा त्याच्या डोक्यावर ठेवायच्या. पोरं ताटल्या घेऊन रांगेत ताटकळत उभी. फक्त एक तुकडा काट्यावर कधी चढत नसे. तो त्यांच्या स्वतःच्या मुलीचा, मीराचा. सगळ्यांना वाढून जे उरेल ते मीराचं, मग वाढदिवस तिचाच का असेना. "ती घरची आहे," काकू म्हणायच्या, "घरच्यांना झुकतं माप दिलं असं उद्या कोणी म्हणायला नको." तसं कोणी म्हणालेलं मी तरी ऐकलं नाही. म्हणण्यासाठी मीराच्या ताटलीत काही दिसायला तर हवं!

काकूंचं खरं नाव सुनंदा. माहेर सांगलीचं. तरुणपणी शिकायला म्हणून जर्मनीत आल्या, इथल्याच डीटर फिशरशी लग्न केलं आणि पंप बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत नोकरभरतीच्या प्रमुख होऊन बसल्या. मी आणि माझी बायको गौरी त्यांच्या घराच्या तळमजल्यावर भाडेकरू होतो. घर टेकडीवर. रस्त्यापासून दारापर्यंत एवढ्या पायऱ्या, की दूध आणायचं राहिलं तर माणूस मुकाट्याने काळा चहा प्यायला शिकतो. 'तराजूकाकू' हे नाव त्यांना कोणी ठेवलं ते ठाऊक नाही, पण ते त्यांना माहीत होतं आणि वर आवडतही होतं. फोनवर स्वतःच म्हणायच्या, "अरे, तराजू बोलतेय." आता त्या निवृत्त होऊन बॉनला मीराजवळ राहायला गेल्या आहेत आणि आमच्याकडे केकचे तुकडे पुन्हा वाटेल तसे कापले जातात. मला ते बघवत नाही.

उन्हाळ्यात आम्ही मराठी मंडळी नदीकाठच्या मैदानावर क्रिकेट खेळायचो. अंपायर अर्थातच काकू. डीटरकाकांना क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नसे, बॅट ते कुदळीसारखी धरायचे, पण हौस दांडगी. एकदा चेंडू त्यांच्यापासून हातभर लांबून गेला, विकेटकीपरने हूं की चूं केलं नाही, आणि इकडे काकूंचं बोट वर. आमचा संकेत, म्हणजे माझा ऑफिसातला मित्र, बोलर होता. तोच ओरडला, "काकू, निदान अपील तरी करू द्या!"

"नवरा आहे माझा," काकू म्हणाल्या, "संशयाचा फायदा त्याला नाही."

डीटरकाका "या, या", म्हणजे जर्मनमध्ये "हो, हो", करत बॅट गवतात टेकवून बिअरच्या खोक्याकडे निघून गेले. मला वाटतं त्यांना लवकर बाद व्हायला आवडायचं.

हाच कायदा काकू ऑफिसात लावायच्या. अर्ज मराठी माणसाचा दिसला की त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "आपला आहे? मग दोन गुण कमी!" त्यात दुष्टावा नव्हता. अन्याय होऊ नये म्हणून त्या हा अन्याय करायच्या आणि नंतर त्याच मुलाला घरी बोलावून पोटभर जेवायला घालायच्या. स्टुटगार्टला नव्याने आलेल्या मराठी इंजिनिअरला आम्ही पहिल्याच आठवड्यात बजावून ठेवायचो, की कचरा वाटेल त्या डब्यात टाकू नकोस, रविवारी भिंतीला ड्रिल लावू नकोस आणि तराजूकाकूंच्या कंपनीत अर्ज करू नकोस. बेळगावचा एक जण, जो एरवी सीमाप्रश्नावर तासन्‌तास बोलायचा, त्याने तर अर्जात ठळक अक्षरांत 'कर्नाटक' लिहिलं. काकूंनी आडनाव बघून त्याचेही दोन कापले.

मग एका वर्षी कंपनीच्या मोठ्या साहेबांनी नवा नियम काढला. दोन उमेदवार अगदी सारखे भरले, तर ज्याच्या घरचे लोक बाहेरून जर्मनीत आले आहेत त्याला प्राधान्य द्यायचं. इथे वंश आणि रंग हे शब्द कागदावर कोणी लिहीत नाही. त्याऐवजी 'मिग्राट्सिओन्सहिंटरग्रुंड' असा मालगाडीएवढा शब्द वापरतात, म्हणजे स्थलांतराची पार्श्वभूमी. नियम आला आणि कंपनीत दोन तट पडले. आमच्या मराठी मंडळींत तर एका माणसामागे दोन तट पडले.

पाडव्याला काकूंकडे श्रीखंडपुरी होती, तिथे ठिणगी उडाली. संकेत नियमाच्या बाजूने तावातावाने बोलत होता. किती वर्षं आपल्याला नाव बघून बाजूला ठेवतात, आता जरा भरपाई झाली तर बिघडलं कुठे, वगैरे. काकू पुऱ्या लाटता लाटता ऐकत होत्या.

"संकेत," त्या म्हणाल्या, "तू पुण्यात कॉलेजला असताना आरक्षणाच्या विरोधात मोर्चा काढला होतास ना? फलक धरलेला तुझा फोटो तूच दाखवला होतास मला."

"ते वेगळं होतं, काकू."

"आल्झो, मग काय वेगळं होतं?"

"तिकडे म्हणजे... गुणवत्तेचा प्रश्न होता. तिकडे आम्ही..."

"तिकडे तू आत होतास. इथे बाहेर आहेस. एवढंच वेगळं होतं."

सगळे खो खो हसले. संकेतचे कान लाल झाले. तो म्हणाला, "म्हणजे तुम्ही नियमाच्या बाजूने आहात?"

"छे रे! मला मुळीच पटत नाही तो," काकू म्हणाल्या आणि लाटणं खाली ठेवलं. मग त्यांनी जे सांगितलं ते मी आधी ऐकलं नव्हतं. कंपनीत नव्याने लागल्या तेव्हाची गोष्ट. कँटीनमध्ये ट्रे घेऊन उभ्या होत्या आणि पाठीमागच्या टेबलावर कोणीतरी म्हणालं, की हिला रंगामुळे घेतली, साहेबांना बाहेरच्यांना दाखवायला एक हवी होती. "मी वर्गात पहिली यायचे रे. बटाट्याचं सॅलड हातात घेऊन तशीच उभी राहिले. माझ्या हातून नोकरी मिळालेल्या माणसाबद्दल हे कोणी म्हणता कामा नये, एवढं तेव्हाच ठरवलं."

मीरा सुटीला आली होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच येतं. ती म्हणाली, "आई, कागदावर मी फिशर. मुलाखतीला आत गेले की ते माझ्या खांद्यावरून मागे बघतात, फ्राऊ फिशर कुठे राहिल्या म्हणून. मला कोणी रंगामुळे घेतलं तर मी म्हणेन, चला, एकदाचा उपयोग झाला त्याचा! आणि तुझ्या कंपनीत तर तू मला अर्जच करू दिला नाहीस." काकूंनी संकेतच्या ताटात दोन पुऱ्या वाढल्या. तो नको नको म्हणत होता.

नियम पटो न पटो, राबवायचा काकूंनाच होता. त्यांनी त्यावर एक तोड काढली. यापुढे अर्जावर नाव नको, फोटो नको, जन्मगाव नको, कॉलेजचं नावही झाकायचं. छाननी करणाऱ्या तिघांच्या हातात नुसता क्रमांक. गुण आधी द्यायचे, नावं मागाहून उघडायची, आणि बरोबरी झाली तरच तो नियम लावायचा. कंपनीत सगळ्यांनी वाहवा केली. पण काकूंच्या स्वभावाला एक खुमखुमी होतीच. तळमजल्यावर आमच्याकडे आमटीचं पातेलं घेऊन आल्या तेव्हा म्हणाल्या, "नाव झाकलं म्हणून काय झालं? आपला माणूस मला अर्जाच्या दुसऱ्या ओळीत कळतो. त्याचे दोन गुण मी कापणारच. त्याशिवाय मला जेवण जाणार नाही."

मी आणि गौरीने एकमेकांकडे बघितलं, कारण त्याच कंपनीतल्या जागेसाठी मी अर्ज लिहीत होतो.

माझी गोष्ट अशी होती. मी एका ठेकेदार कंपनीमार्फत मोटारींतल्या पंपांच्या कामावर होतो आणि ते काम संपत आलं होतं. दुसरी नोकरी मिळाली नाही तर राहण्याचा परवाना संपणार, म्हणजे दोघांनाही पुण्याला परत जावं लागणार. गौरी फिजिओथेरपिस्ट. तिची भारतातली पदवी इथे मान्य व्हावी म्हणून ती जर्मन भाषेपासून शरीरशास्त्रापर्यंत सगळं नव्याने शिकली होती आणि शेवटची परीक्षा अवघ्या काही महिन्यांवर होती. आत्ता परत गेलो असतो तर तिचे सगळे कष्ट पाण्यात. मी दूर वोल्फ्सबुर्गच्या मोटार कारखान्यातही अर्ज केला होता आणि काकूंना तेवढंच माहीत होतं. पण त्यांच्या कंपनीतली जागा माझ्या कामासाठी जणू मापाने शिवली होती. पंपाच्या ज्या भागावर मी पाच वर्षं घाम गाळला तोच भाग. ती मी सोडणार नव्हतो आणि दोन गुणही सोडणार नव्हतो.

मग आम्ही दोघं अर्जातून मराठी माणूस हुडकून हुडकून बाहेर काढायला बसलो. असा आनंदाचा उद्योग मी आयुष्यात दुसरा केलेला नाही. गौरीच्या हातात लाल पेन.

"हे काय, दहावीचे गुण?"

"गणितात किती होते बघ की!"

"अरे, पस्तिशीच्या माणसाने दहावीचे गुण कोणाला सांगायचे असतात? काढ. आणि 'प्रामाणिक व कष्टाळू' हे काय?"

"आहे मी."

"असशील. पण असं फक्त आपली माणसं लिहितात. छंद काय लिहिलायस? गड चढणे! निखिल, हे म्हणजे कपाळावर नाव लिहिल्यासारखं आहे."

गड गेले. आता छंद म्हणून लिहायचं काय? खोटं लिहायचं नाही असं आमचं ठरलं होतं. गौरी म्हणाली, "सुटीच्या दिवशी तू खरोखर काय करतोस?" मी विचार केला. सुटीच्या दिवशी मी जिना झाडायचो. इकडे भाडेकरूंनी पाळीपाळीने जिना आणि अंगण झाडण्याची पद्धत आहे. काकूंच्या घरात ती पाळी कशी कोण जाणे दर शनिवारी माझीच यायची, कारण मी आपला होतो. तेव्हा छंदाच्या रकान्यात आम्ही लिहिलं, 'परिसराची नियमित स्वच्छता व देखभाल'. अक्षर न् अक्षर खरं.

अर्ज गेले. काही दिवसांनी काकू पुन्हा पातेलं घेऊन खाली आल्या. चेहरा नुसता फुललेला.

"आज एक आपला पकडला! नाव सांगत नाही, नाव मलाही माहीत नाही. पण लपून लपणार किती? गड चढायचा छंद म्हणे! आणि भाषा किती नम्र, शिकायची संधी मिळाली तर आभारी राहीन! सांगली-साताऱ्याकडचाच असणार. दिले दोन गुण उडवून."

गौरीला ठसका लागला. मी तिची पाठ चोळू लागलो.

"आणि एक आहे, त्याला म्हणतात अर्ज," काकू पुढे म्हणाल्या. "एक शब्द जास्त नाही. स्वतःची स्तुती नाही. आणि छंद काय, तर झाडलोट! गेनाऊ! अगदी नेमकं! असा माणूस फक्त इथल्या मातीतच निपजतो. निखिल, तू शिक जरा अशा लोकांकडून."

मी शिकेन म्हणालो. त्या वर गेल्या आणि दार लागलं, तशी गौरी उशीत तोंड खुपसून इतकी हसली की मला भीती वाटायला लागली. हसणं थांबल्यावर मात्र तो बिचारा दुसरा कोण असेल, हा प्रश्न दोघांच्याही मनात होता.

मुलाखतीला दोघांनाच बोलावलं होतं, तेही क्रमांकाने; नावं अजून उघडली नव्हती. मी आत गेलो तर समोर तिघं. विभागप्रमुख हेर, म्हणजे श्रीयुत, बोटशर, माणूस भला पण नव्या नियमाच्या ठाम विरोधात. कामगारांच्या समितीच्या फ्राऊ आयदिन, त्यांचे आईवडील तुर्कस्तानातून आलेले आणि त्या नियमाच्या ठाम बाजूने. मधे काकू. काकूंनी मान वर केली आणि त्यांच्या तोंडून सणसणीत मराठीत निघालं, "तू? झाडलोट तू?"

बोटशर आणि आयदिन चकित होऊन बघत राहिले. दुसऱ्याच क्षणी काकू सावरल्या आणि जन्मात कधी भेटलोच नाही अशा स्वच्छ जर्मनमध्ये म्हणाल्या, "हेर सबनीस, आपलं स्वागत आहे." मग उभं राहून बाकीच्या दोघांना सांगितलं, की हे गृहस्थ माझे भाडेकरू आहेत, सबब मी या मुलाखतींतून बाहेर पडते. आणि खरंच ताडताड चालत बाहेर गेल्या. पुढचे प्रश्न पंपाचे होते आणि पंपाबद्दल मी झोपेतही बोलू शकतो.

बाहेर आलो तेव्हा काकू बाकावर पाठ ताठ करून बसल्या होत्या. माझ्याकडे बघायला तयार नाहीत. फोनवर डीटरकाकांना मराठीत झापत होत्या. डीटरकाकांना मराठी यायची ती फक्त बोलणी खाण्यापुरती. "तुम्हाला माहीत होतं ना? माझ्याच घरात, माझ्याच डोळ्यांदेखत!" शेजारी दुसरा उमेदवार बसला होता. उंच, पिवळ्या केसांचा, निळ्या डोळ्यांचा. काकूंचा फोन बंद झाल्यावर तो अदबीने पुढे वाकला आणि मराठीत म्हणाला, "नमस्कार. तुम्ही पुण्याच्या का?"

काकूंच्या हातातला फोन मांडीवर पडला.

"मी माथियास," तो म्हणाला. "मी पुण्यात होतो, शिकायला. फार आवडलं. आम्ही दर रविवारी गड चढायचो."

काकूंचा चेहरा त्या वेळी तुम्ही बघायला हवा होता. आधी त्यांनी माथियासकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा माथियासकडे. मला हसू आवरेना आणि हसायची सोय नव्हती, म्हणून मी भिंतीवरची आग लागल्यावर काय करावे याची पाटी लक्षपूर्वक वाचत उभा राहिलो. माथियासला आत बोलावलं.  तो बाहेर आला आणि काकू उठल्या, स्कर्ट झटकला आणि आत गेल्या.

आत काय झालं ते मला पुढे फ्राऊ आयदिननी सांगितलं, तेही डोळे पुसत पुसत. काकू म्हणाल्या, माथियासच्या अर्जाचे दोन गुण मी चुकीने कापले आहेत, ते परत जोडा. बोटशरनी विचारलं, का कापले? काकू म्हणाल्या, "मला वाटलं, तो आमच्यातला आहे."  मग आयदिन जे हसायला लागल्या त्या पाणी प्याल्याशिवाय थांबल्या नाहीत. बोटशर हसले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "आणि आजवर खरोखर तुमच्यातल्या असलेल्यांचे?" काकू म्हणाल्या, "सगळ्यांचे." आणि एवढं बोलून खुर्चीवर बसल्या.

आता गंमत बघा. ते दोन गुण कापलेले राहिले असते तर मी सरळ सरळ पुढे होतो. ते परत जोडल्यावर आम्ही दोघं तंतोतंत सारखे झालो. बरोबरी झाली की नियम लागणार. नियमाने जागा माझी. बोटशर म्हणाले, यात त्या माथियासचं काय चुकलं? काकू म्हणाल्या, "काहीच नाही. मी ज्यांचे गुण कापले त्यांचंही काही चुकलं नव्हतं. मला नियम आवडत नाही, हेर बोटशर. पण तो आमच्या फायद्याचा निघाला एवढ्याच कारणाने मी तो बाजूला ठेवला, तर पुन्हा तेच केल्यासारखं होईल." नेमणुकीवर सही त्यांचीच लागत होती. त्यांनी ती केली. माथियासला पुढे वोल्फ्सबुर्गला माझ्याहून झकास नोकरी मिळाली. तो आला की आम्ही अजून डोंगर चढतो, आणि जागा खरी कोणाची यावर चढताना भांडतो. मिटलेलं नाही.

त्या संध्याकाळी काकू खाली आल्या. हातात पातेलं नव्हतं. खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या.

"निखिल, मी गप्प बसले असते तर तू गुणांवर लागला असतास. आता नियमावर लागलास. कँटीनमध्ये बोलतील तुझ्यामागे. मला जे ऐकावं लागलं ते तुझ्या वाट्याला मी आणलं." त्यांचे डोळे भरून आले होते. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

गौरीने खुर्ची पुढे ओढली. ती म्हणाली, "काकू, नियमावर लागलेल्याला परवाना कमी दिवसांचा मिळतो का हो?"

"नाही. तो सगळ्यांना सारखाच."

"मग बोलू देत की! बोलून बोलून दमतील. मी परीक्षा देणार, एवढं मला कळतं."

काकू तिच्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "मला कँटीनमध्ये असं काही सुचलं नाही गं." आणि हसल्या. रडता रडता हसल्या म्हणा. गौरीने चहा टाकला. चहा पिऊन झाल्यावर काकूंनी पर्समधून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

"ही तुम्हाला घर सोडायची नोटीस. कायद्याप्रमाणे मुदत आहे. आता तू माझ्या कंपनीतला माणूस. माझ्याच घरात भाडेकरू म्हणून कसा चालशील? लोक काय म्हणतील?"

स्टुटगार्टमध्ये नोकरी मिळवणं सोपं आहे हो. घर मिळत नाही. एक घर बघायला बोलावलं की जिन्याच्या तळापासून माणसं रांगेत उभी असतात, हातात कागदांच्या फायली आणि चेहऱ्यावर देवळात असल्याचा भाव. आम्ही आठवडे न् आठवडे अशा रांगांत उभे राहिलो. नाव सांगितलं की 'कळवतो' म्हणायचे आणि कळवायचे नाहीत. मुदत संपत आली. गौरीचा अभ्यास जिन्यांवर उभ्या उभ्या चाललेला. पत्ता नसेल तर परवान्याचं कामही अडणार होतं, म्हणजे नोकरी मिळून आम्ही पुन्हा होतो तिथेच.

शेवटी एका हेबर्ले नावाच्या आजीबाईंचं घर बघायला गेलो. छोटंसं, उजेडाचं, गौरी जिथे शिकत होती त्या हॉस्पिटलपासून जवळ. रांग नेहमीसारखीच, खाली फुटपाथपर्यंत. आमच्या पुढे व्हायोलिनची पेटी घेतलेली एक विद्यार्थिनी होती. आज्जी दारात उभ्या राहून एकेकाला दोन शब्द बोलून वाटेला लावत होत्या. एवढ्यात जिन्यावरून धापा टाकण्याचा आवाज आला. लाल कोट घातलेल्या तराजूकाकू "माफ करा, माफ करा" करत, लोकांना कोपराने बाजूला सारत वर येत होत्या! आम्ही त्यांना बोलावलं नव्हतं. पत्ता बहुधा डीटरकाकांनी फोडला असावा.

त्यांनी माझा दंड धरला, दुसऱ्या हाताने गौरीचा, आणि त्या व्हायोलिनच्या पेटीला वळसा घालून आम्हाला थेट आज्जींसमोर नेऊन उभं केलं. मग अस्सल इथल्या खेडवळ बोलीत तोफ सुरू झाली. हा मुलगा असा जिना झाडतो की त्यावर जेवायला बसावं. ही मुलगी तुमचे गुडघे बघेल, तुम्ही लंगडताय ना? आवाज नाही, पाहुण्यांची वर्दळ नाही, कचरा योग्य त्या डब्यात. मी धरणी दुभंगेल तर बरं म्हणून खाली बघत होतो. मागून लोक कुरकुरायला लागले. काकूंनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

आज्जींनी विचारलं, "तुमच्या नात्यातले का?"

काकू एक क्षण थांबल्या. मला वाटलं, आता सरळ आणि खरं उत्तर येणार, भाडेकरू आहेत म्हणून, आणि आम्ही रांगेच्या शेवटी जाणार.

"हो," काकू म्हणाल्या. "माझी मुलं आहेत. यांनाच द्या."

गौरीने माझा हात घट्ट धरला. मी काकूंकडे बघायचं टाळलं, नाहीतर तिथेच रडलो असतो. घर आम्हाला मिळालं. त्याच घरात गौरी परीक्षा पास झाली आणि त्याच घरात बसून मी हे लिहितोय.

परतताना तिघंही ट्राममध्ये शेजारी शेजारी बसलो. काकू मांडीवर पर्स धरून खिडकीबाहेर बघत होत्या. तशाच बघत म्हणाल्या, "निखिल, ती व्हायोलिनवाली मुलगी आपल्या आधी आली होती."

"हो, काकू."

"तिलाही घर हवं असणार."

"हो."

"म्हणजे मी आज धडधडीत अन्याय केला."

  मला वाटलं आता या उतरतील आणि त्या मुलीला शोधायला परत जातील. पण त्यांचे खांदे हलायला लागले. आधी वाटलं रडतायत. मग तोंडावरचा हात निसटला आणि काकू हसायला लागल्या, मोठमोठ्याने, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, अख्खा डबा वळून बघत असताना. पर्समधून रुमाल काढता काढता त्या म्हणाल्या, "एवढी मजा असते होय रे आपल्या माणसासाठी भांडण्यात? आणि मी इतकी वर्षं नुसती लांबून बघत बसले!"